त्रास दोन दातांचा, पॅकेज दहाचं

पत्र :
ताई, मी २९ वर्षांची आहे. माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे आणि त्यातलाच उजवा दात शाळेत असताना पडले तेव्हा दुखावला, नंतर त्याचं रूट कॅनाल झालं आणि आता तो राखाडी पडलाय. खालचे दात पण थोडे एकावर एक चढलेत. नव्या नोकरीत दिवसभर कॅमेऱ्यावर मीटिंग असतात, स्वतःचंच तोंड समोर दिसतं आणि हसू आलं की हात आपोआप तोंडावर जातो. एका क्लिनिकमध्ये गेले तर १५ मिनिटांत वरच्या १० दातांना व्हिनियर्स, म्हणजे दातांवर पुढून चिकटवायचे पातळ पापुद्रे, असं 'स्माईल मेकओव्हर पॅकेज' सांगितलं. आठवड्यात सगळे पैसे भरले तर मोठी सूट, नाहीतर २४ हप्ते. माझी बचत पॅकेजच्या निम्मीच आहे. घरचे म्हणतात हे नसते लाड आहेत. काय करू?
– तोंडावर हात

अगं तोंडावर हात,

आधी घरच्यांचं संपवून टाकू. दिवसातून २० वेळा हात तोंडावर जात असेल तर ते लाड नाहीत, रोजचा त्रास आहे, आणि स्वतःच्या कमाईतून त्यावर खर्च करायला कुणाची परवानगी लागत नाही. विषय संपला. आता खर्च कशावर करायचा ते बोलू, कारण मला खरा घोळ तिथे दिसतोय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वरती तुला खुपणारे दात किती? दोन. फट त्या दोघांच्या मधे आणि राखाडी दात पण त्यातलाच एक. पॅकेज कितीचं? दहाचं. आणि तुला खुपणारी तिसरी गोष्ट, खालचे वेडेवाकडे दात, ती तर त्या पॅकेजमध्ये कुठेच नाहीये! म्हणजे जे आठ दात धडधाकट आहेत त्यांच्यावर काम होणार आणि जे खरंच वाकडे आहेत ते तसेच राहणार. आणि १५ मिनिटांत हे ठरलं, त्यात एक्सरे काढल्याचं, हिरड्या तपासल्याचं तू काही लिहिलेलं नाहीस. कदाचित लिहायचं राहून गेलं असेल, पण नसेलच काढला तर तो प्लॅन म्हणजे निव्वळ दरपत्रक समज.

मी डेंटिस्ट नाही हे आधीच सांगते. पण या प्रकरणात मी स्वतः दोनदा पैसे भरलेत त्यामुळे बोलायचा थोडा हक्क कमावलाय. तिशीत असताना मी घाईघाईत पुढच्या दोन दातांना कॅप, म्हणजे अख्खा दात झाकणाऱ्या टोप्या, बसवून घेतल्या, रंग शेजारच्या दातांशी मस्त जुळला, मी खूश. मग दोन वर्षांनी हौस आली म्हणून ब्लीचिंग केलं आणि तेव्हा कळलं की ब्लीचिंगने फक्त खरे दात उजळतात, कॅप, व्हिनियर, फिलिंग यांचा रंग तसूभरही बदलत नाही. बाकी सगळे दात उजळ आणि मधे माझ्या दोन पिवळट कॅप, उभ्या आहेत दिमाखात. परत बदलल्या. मला आधी कुणी विचारलंच नव्हतं की बाई तुला पुढे दात उजळ करायचेत का. म्हणून क्रमाबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, सहन कर.

सगळ्यात आधी तपासणी. हिरड्यांची, किडीची, आणि त्या राखाडी दाताचा मुळापर्यंतचा एक्सरे. जुनं रूट कॅनाल नीट भरलंय का, मुळाच्या टोकाशी काही इन्फेक्शन आहे का, मूळ शाबूत आहे का, हे कळल्याशिवाय त्या दातावर एक पैसाही लावू नकोस. वरून छान चिनी मातीचा मुखवटा चढवला आणि सहा महिन्यांनी आतून ठणकायला लागला तर तोच मुखवटा तोडून आत जावं लागतं. फटीबद्दल पण विचार, ती लहानपणापासून तेवढीच आहे की हल्ली वाढलीये? वाढत असेल तर हिरड्यांचा आजार असू शकतो, हाड कमी झालं की दात सरकतात, मग तिथे सौंदर्याचं काम करणं म्हणजे कलत्या भिंतीला रंग देणं. काहींना वरच्या ओठाच्या आतली पडदी जाड असते आणि ती दोन दातांच्या मधे उतरलेली असते त्यामुळे फट राहते, ते पण बघायला सांग. स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेला थर काढून टाकणं, तेही करून घे. ब्रश करताना रक्त येत असेल तर ते थांबेपर्यंत पुढे जायचं नाही, सुजलेल्या हिरडीवर घेतलेलं माप सूज उतरली की चुकतं.

त्यानंतर दात सरकवायचे का नाही हे ठरवायचं, चिकटवाचिकटवीच्या आधी. हे फार लोक उलटं करतात. खालचे दात एकावर एक चढलेले असले की त्यातला एखादा वरच्या दाताच्या मागे चुकीच्या जागी आपटत असतो, आणि तू वरती कितीही महागडं काम कर, ती खालची टोचणी रोज त्यावर हातोडी मारणार आणि एक दिवस कोपरा उडणार. म्हणजे खालचे दात हा तुझ्यासाठी नुसता दिसण्याचा प्रश्न नाहीये, वरचं काम टिकण्याचा पण आहे. तारा किंवा अलाइनर्स (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे), तुझ्यासारख्या थोड्या गर्दीला साधारण सहा महिने ते दीड वर्ष लागू शकतं, आणि वरची फट पण त्यातच बंद होऊ शकते, मग तर वरचं निम्मं काम आपोआप झालं. अलाइनर्स रोज २० ते २२ तास घालावे लागतात, फक्त खाताना आणि ब्रश करताना काढायचे, हे जमणार नसेल तर त्यात पैसे घालू नकोस. आणि नंतर रिटेनर, म्हणजे सरकवलेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, तो रात्री घालावाच लागतो, वर्षानुवर्षं. नाही घातला तर दात चालले परत आपल्या गावाला. रिटेनरचा आणि तो मोडला तर नव्याचा खर्च कोण करणार हे आधीच विचारून ठेव.

मग रंग. इथे तुझ्या राखाडी दाताची वेगळीच गोष्ट आहे. तो आतून काळवंडलाय, त्यामुळे वरून लावायच्या जेलने त्याला फारसा फरक पडणार नाही. रूट कॅनाल झालेल्या दातासाठी आतून ब्लीचिंग करतात, म्हणजे दाताच्या मागच्या बाजूने छोटं भोक उघडून आत औषध ठेवून तात्पुरतं बंद करतात, काही दिवसांनी बदलतात, असं दोन-चार वेळा. दात मशीनने घासून बारीक करायचा नाही की काही नाही. दरवेळी शंभर टक्के जमतं असं नाही आणि काही वर्षांनी रंग थोडा परत येऊ शकतो, पण पहिला प्रयत्न हाच असायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. क्वचित या ब्लीचिंगने मूळ बाहेरून झिजायला लागतं, म्हणून औषध ठेवायच्या आधी आत सिमेंटचा अडसर घालतात, तो घालणार ना हे विचार. गंमत बघ, व्हिनियर लावायचंच ठरलं तरीसुद्धा हे आधी केलेलं चांगलं, कारण पोर्सिलेनचं, म्हणजे चिनी मातीचं, व्हिनियर साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं असतं, नखाएवढं, आणि खालचा दात काळा असेल तर तो आरपार डोकावतो. मग तो झाकायला जाड आणि अपारदर्शक व्हिनियर करा, म्हणजे दात जास्त घासा, आणि दिसतो तो खडूसारखा.

बाकीच्या दातांना उजळपणा हवा असेल तर डेंटिस्टने माप घेऊन बनवलेल्या ट्रेमधून घरी करायचं ब्लीचिंग स्वस्तही पडतं आणि बऱ्यापैकी सौम्य असतं. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल वर्षानुवर्षं वापरात आहे, त्यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, दोनेक आठवडे रात्री घालायचं. थोडे दिवस दात शिवशिवतात, ते जातं. आणि ब्लीचिंग संपल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी बाँडिंगला, म्हणजे दातावर काही चिकटवून घ्यायला, जायचं नाही, किमान दोन आठवडे थांबायचं, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे चिकटवलेलं नीट धरत नाही आणि रंगही तोपर्यंत स्थिर झालेला नसतो.

आणि मग शेवटी, फट उरलीच असेल तर कॉम्पोझिट बाँडिंग. दातावर थेट रेझिन, म्हणजे दाताच्या रंगाचा लगदा, रचून आकार देतात, बहुतेक वेळा एका बैठकीत, बहुतेक वेळा दात न घासता. पाच-सात वर्षं टिकतं असं धर, मधे डाग पडतात, कोपरा उडतो, पण तो तुकडा परत लावता येतो, पॉलिश करता येतं आणि नको झालं तर काढताही येतं. फट एक-दोन मिलिमीटरची असेल तर छान दिसतं, मोठी असेल तर मात्र दोन्ही दात फळकुटासारखे रुंद दिसायला लागतात, तेव्हा दात सरकवणंच बरं.

मी व्हिनियरच्या विरोधात आहे असं समजू नकोस. ज्यांच्या दातांवर गडद फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडमुळे पडलेले डाग) आहे, काही औषधांमुळे आतून पट्टे आलेत, दात झिजलेत किंवा जन्मतःच फार छोटे आहेत त्यांना व्हिनियर्सनी खरंच आयुष्य बदलल्यासारखं वाटतं. पण इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, एकदा घासलं की परत उगवत नाही, हे लक्षात ठेवूनच ती खुर्ची गाठायची. आणि नीट विचार, की ते व्हिनियरच लावणार आहेत की कॅप? सर्रास कॅपला व्हिनियर म्हणतात. २००२ मध्ये पुढच्या दातांवर झालेल्या एका मोजमापात व्हिनियरसाठी दाताचा ३ ते ३० टक्के भाग घासला गेला आणि पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. कुठे तीन आणि कुठे बहात्तर! ते फोटो बघितले असशील, पेन्सिलीच्या टोकासारखे उरलेले दात, ती कॅपची तयारी असते, व्हिनियरची नाही.

आता पैसे. मी आकडे सांगत नाही, जागोजागी वेगळे असतात, आपण 'दाता'त मोजू. एका व्हिनियरचा खर्च म्हणजे एक दात. चांगलं पोर्सिलेन व्हिनियर १० ते १५ वर्षं जातं, काहींचं २० पण जातं. आपण १५ धरू. तू २९ ची, म्हणजे ४४ ला बदल, ५९ ला बदल, ७४ ला बदल. पहिले १० आणि नंतरचे ३० मिळून ४० दात. माणसाच्या तोंडात दात ३२ आणि बिल ४० चं! आणि तो ७४ वा वाढदिवस आला तेव्हा क्लिनिकची ती आठवड्याची सूट कुणाला आठवणार आहे. हा हिशोब कुठल्याच पॅकेजच्या कागदावर नसतो म्हणून तूच कर, बाँडिंगचा पण कर, त्यात पण दर काही वर्षांनी खर्च आहेच, फक्त तो दोन दातांचा आहे, दहाचा नाही.

पॅकेज हा शब्द आला की मागायचं ते लेखी, दातागणिक. कुठल्या दातावर काय करणार, मटेरियल कुठलं, लॅबचे पैसे धरलेत का, मधल्या काळातले तात्पुरते दात, एक्सरे, नंतरच्या फेऱ्या, अलाइनर्स असतील तर शेवटची सुधारणा करायचे जादा सेट, रात्री दात खात असशील तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच. हो, रात्री दात खातेस का हे घरी विचार, स्वतःला कळत नाही, आणि नाइट गार्डशिवाय अशा माणसाचं पोर्सिलेन तडकायला वेळ लागत नाही. वॉरंटी म्हणाले तर तिच्या अटी वाच, बऱ्याचदा दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच तपासणी केली नाही तर ती रद्द असते.

आठवड्यात पूर्ण पैसे भरण्याबद्दल माझं सरळ म्हणणं, भरू नकोस. दात काही भाजी नाही की उद्या शिळी होईल. काम टप्प्यात होतं तर पैसेही टप्प्यात द्यायचे, लॅबला काम पाठवताना थोडी आगाऊ रक्कम मागितली तर ते रास्त आहे, सगळीच्या सगळी मागितली तर नाही. अमेरिकेतली स्माईलडायरेक्टक्लब ही घरपोच अलाइनर देणारी मोठी कंपनी सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरमध्ये एकदम बंदच झाली, अर्ध्या उपचारातले लोक तसेच लटकले, आयुष्यभराची गॅरंटी गेली आणि ज्यांचे हप्ते चालू होते त्यांना सांगितलं की हप्ते मात्र भरत राहा. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, मग गल्लीतल्या क्लिनिकची काय कथा.

हप्त्यांचं पण तेच आहे. ईएमआय क्लिनिक देत नाही, बहुतेक वेळा मधे एक फायनान्स कंपनी असते, ती क्लिनिकला सगळे पैसे पहिल्याच दिवशी देऊन मोकळी होते आणि तुझं कर्ज त्या कंपनीशी, काम आवडो न आवडो, पूर्ण होवो न होवो. म्हणून सही करायच्या आधी तीन गोष्टी विचार: २४ हप्ते मिळून एकूण किती जाणार, उपचार मधेच थांबला तर कर्जाचं काय, आणि एक हप्ता चुकला तर काय. 'शून्य व्याज' असेल तर रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट तुला मिळते का ते बघ, नसेल तर तेच तुझं व्याज. आणि काही योजनांमध्ये मुदतीत सगळं फिटलं नाही तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं, ते तर बारीक अक्षरातच असतं.

इन्शुरन्स असेल तर तो नुसत्या दिसण्याच्या कामाला सहसा पैसे देत नाही. पण तुझा राखाडी दात अपघाताने गेलाय, त्याचं रूट कॅनाल परत करायला लागलं, कीड भरायला लागली तर ते उपचार आहेत, त्यातलं काही बसतं का हे आधी लेखी विचारून घे. वार्षिक मर्यादा असेल तर काम दोन वर्षांत विभागता येतं का बघ. सौंदर्याच्या कामाला दुसरं नाव लावून क्लेम करून देतो असं कुणी म्हणालं तर नको, अंगाशी येतं. आणि तुझ्या बचतीत बसवायचा एक चांगला रस्ता म्हणजे डेंटल कॉलेज, तिथे शिकणारी मुलं वरिष्ठांच्या नजरेखाली काम करतात, फेऱ्या जास्त होतात, वेळ भरपूर जातो, पण खर्च बराच कमी. मी सांगितलेल्या क्रमाने गेलीस तर पहिले तीन टप्पे, म्हणजे तपासणी, दात सरकवणं आणि रंग, तुझ्या बचतीत बसू शकतात, आणि त्यातला पाचवा हिस्सा तरी दुरुस्तीसाठी बाजूला ठेव.

कधीकाळी व्हिनियर करायचंच ठरवलंस तर ट्रायलशिवाय नको. मेणाचा नमुना बनवून त्यावरून तोंडात तात्पुरता मॉकअप करतात, दात न घासता. तो लावून हस, बोल, 'सशाचा ससेमिरा' असं काहीतरी म्हणून बघ, दात लांब झाले असतील तर स, श ला शिट्टी वाजते. व्हिडिओ काढ. रंग दिवसाच्या उजेडात ठरव आणि बैठकीच्या सुरुवातीलाच, तोंड उघडं राहून दात सुकले की ते आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा पांढरा रंग निवडलास तर माणसं तुझं बोलणं सोडून दातच बघणार.

परदेशात आठवड्यात सगळे दात करून देतो वगैरे जाहिराती दिसतील, काम चांगलंही असतं, पण काही बिघडलं तर परतीच्या तिकिटाचा खर्च त्यात धरलेला नसतो. आणि घरगुती प्रयोग अजिबात नको, विशेषतः फट बंद करायला दातांना रबर बँड लावायचा तो प्रकार, रबर हिरडीखाली सरकतं, दिसेनासं होतं आणि मुळापर्यंत हाड खात जातं, चांगले दात पडलेत लोकांचे. लिंबू, कोळसा यांनी इनॅमल झिजतं आणि खालचा पिवळा थर अजून दिसायला लागतो.

बरं, एक फुकटचं सांगू? मीटिंगमध्ये स्वतःचा चेहरा लपवायचं ऑप्शन असतं, बाकीच्यांना तू दिसतेस, तुला तू दिसत नाहीस. आजच कर. लॅपटॉपचा कॅमेरा जवळून घेतो तेव्हा मधला भाग, म्हणजे नाक आणि पुढचे दात, आहेत त्यापेक्षा मोठे दाखवतो. दिवसभर तेच बघून निर्णय घेऊ नये माणसाने.

आता त्या क्लिनिकला काय कळवायचं याचा तुला प्रश्न पडला असणार, तर हे पाठव: 'नमस्कार, मी अजून निर्णय घेतलेला नाही. माझे एक्सरे आणि स्कॅन काढले असतील तर त्यांची कॉपी पाठवा, आणि दातागणिक प्लॅन व खर्च लेखी द्या. मी दुसरा सल्ला घेऊन कळवते.' एवढंच. कारणं द्यायची नाहीत, सॉरी म्हणायचं नाही. फोन येईल, सूट अजून वाढेल, तेव्हाही हेच वाक्य. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिल्याने काय सांगितलं ते आधी बोलू नकोस, नुसतं म्हण की मला फट, हा राखाडी दात आणि खालची गर्दी खुपते, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं.

एक्सरेमध्ये त्या दाताचं काय निघालं ते मात्र मला नक्की कळव.

– ताई